कै. विश्राम सबनीस

"दिग्या, कोण वारलं रे?"

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि फोनवर बापू शेलार होते. बापू म्हणजे दूध संघाचे माजी चेअरमन. गावातल्या कुठल्याही फ्लेक्सवर उजवीकडून दुसरे.

"कुणी नाही बापू. का?"

"कुणी नाही कसं? मी स्टँडवर उभा हाय. हा एवढा बोर्ड लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली 'शोकाकुल' म्हणून माझा फोटो हाय, हात जोडल्याला. आन् मलाच पत्ता नाही कोण गेलं त्ये!"

"नाव काय लिहिलंय?"

"कैलासवासी विश्राम सबनीस." बापूंचा आवाज जरा खाली आला. "माणूस चांगला दिसतोय रे. कोट घातलाय."

मी शटर तसंच सोडलं आणि पायरीवर बसलो.

विश्राम सबनीस वारला नव्हता. वारण्यासाठी आधी जन्माला यावं लागतं, तेवढंही त्यानं केलं नव्हतं. तो एका जुन्या कादंबरीतला चित्रकार होता, आणि तो फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलेला होता.

त्याचं असं झालं होतं. आमच्या सोनवडीत एक सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपाल देवकुळे मॅडमना दर महिन्याला एक कार्यक्रम घेऊन त्याचे फोटो वर पाठवावे लागत. फोटोत माणसं दिसावी लागतात, हीच मोठी अडचण होती. मागच्या कार्यक्रमाच्या फोटोत मॅडम, शिपाई, वक्ते आणि वक्त्यांना सोडायला आलेला त्यांचा जावई एवढेच होते. या महिन्याला त्यांनी 'पोटमाळा' ही कादंबरी ठरवली आणि तिच्यावर बोलायला मला धरलं.

"मीच का मॅडम?"

"अरे, कलावंताच्या आयुष्यावर आहे. गावात कलावंत तू एकटाच."

"मी फ्लेक्स छापतो."

"कोल्हापूरला चित्रकला शिकलास ना? मग झालं. आणि फार तयारी नको. पहिल्यांदा वाचून काय वाटलं, तेवढंच सांगायचं. मला सविस्तर सांग हं, माझं वाचायचं राहिलंय."

मी ती दुकानातच वाचायला घेतली. एकीकडे मशीन 'आमचं काळीज बंटीदादा' असं सावकाश बाहेर काढत असायचं, दुसरीकडे मी पानं उलटत असायचो. विश्राम सबनीस परक्या शहरात एका पोटमाळ्यावर राहतो. चित्रं काढतो, ती कुणी बघत नाही. पहिल्या साठ पानांत तो जेवत नाही. तेवढ्या पानांत मी दोनदा जेवलो, शिवाय झाकीरच्या घरून बिर्याणी आली तीही खाल्ली. जिन्यावर पाऊल वाजलं की विश्राम आतून कडी लावतो, आणि पाऊल शेजारच्या दाराशी थांबलं की त्याला वाईट वाटतं. इथं मी पुस्तक मिटलं. न विचारता कुणी माझ्याविषयी असं लिहावं हे मला आवडलं नाही.

फरक एवढाच की विश्रामला एकटेपणा आयता मिळाला होता. सोनवडीत तो मिळत नाही. नदीवर जाऊन जरा उदास बसलं की म्हशी धुणारा विचारतो, "काय रं, पोट बिघडलंय का?" एकदा मी स्मशानाजवळ वही घेऊन बसलो, तर दोन जण चहा घेऊन आले आणि तात्यांना फोन करून सांगितलं की पोरगं सापडलं.

तात्या म्हणजे माझे वडील. आडनाव लोहार, पण सगळं गाव त्यांना हणमंत पेंटर म्हणतं. तीस वर्षं या गावातलं प्रत्येक अक्षर त्यांनी काढलं. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, गिरणीवरचं 'येथे मसाला कांडून मिळेल'. मग मी शिकून आलो आणि फ्लेक्सचं मशीन टाकलं. दोन वर्षांत गावात नवं हाताचं अक्षर दिसेनासं झालं. आता मी छापायचो आणि तात्या त्याला मागून लाकडी पट्ट्या ठोकायचे. आमचं बोलणं व्हायचं. खिळे, पट्ट्या आणि सुतळी या विषयांवर. आई गेल्यापासून घरात तेवढंच बोलणं उरलं होतं. अधूनमधून तात्या दुकानाच्या पोटमाळ्यावर चढायचे, जुने ब्रश खाली आणायचे, त्यांना तेल लावायचे आणि परत वर ठेवून द्यायचे. कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं.

कादंबरी अर्ध्यावर आली तेव्हा मी ठरवलं, जायचं. पुण्यात माझा एक वर्गमित्र गोदामावरच्या खोलीत राहायचा. "ये," तो म्हणाला, "पंखा नाही, पण खिडकी आहे. उजेड उत्तरेचा." रविवारी वाचनालयात बोलायचं आणि दुपारच्या एसटीनं निघायचं. तात्यांना आधी सांगायचं नाही. सांगितलं असतं तर ते "बरं" म्हणाले असते, आणि ते "बरं" ऐकून मी गेलो नसतो. बॅग भरून मी दुकानात मागच्या भिंतीला, पट्ट्यांच्या ढिगामागं लपवली होती. तशी ती या आधीही दोनदा भरून झाली होती. दोन्ही वेळा गुपचूप रिकामी केली. या खेपेला नाही करायची, असं विश्रामच्या साक्षीनं ठरलं होतं.

आणि आता विश्रामच वारला होता.

झाकीर आला तेव्हा मी पायरीवरच होतो. झाकीर मुल्ला माझा भागीदार. डिझाइन त्याचं, मशीन माझं, शिव्या निम्म्या निम्म्या.

"झाक्या, लायब्ररीच्या बोर्डाचं काय केलंस?"

"कालच लावला की. का, सुटला?"

"सुटला नाही. श्रद्धांजलीचा का केलास?"

झाकीरनं शांतपणे फोन काढला आणि मॅडमचा मेसेज वाचून दाखवला. "'विश्राम सबनीस. एका एकाकी चित्रकाराची शोकांतिका. रविवारी सकाळी दहा वाजता. सर्वांनी अगत्यपूर्वक उपस्थित राहावे.' वर काळापांढरा फोटो. आता तूच सांग. काळापांढरा फोटो, शोक, आन् सर्वांनी या. माझ्याजागी तू असतास तर काय वाढदिवसाचा केला असतास?"

खरं तर त्याचं चुकलं नव्हतं. आमच्या कॉम्प्युटरवर तीनच साचे होते. वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली. पुस्तकाबद्दल फ्लेक्स करायची वेळ सोनवडीत कुणावर आली नव्हती.

"तो फोटो पुस्तकाच्या कव्हरवरचा आहे. चित्र आहे ते."

"तरीच. अंगावर नुसतं कांबळं. बरं दिसेना म्हणून मी कोट घातला. रंगपण उजळ केला थोडा."

"आणि खाली शोकाकुल?"

"ते साच्यातच असतंय. बापू, उपसरपंच, पतसंस्था. मी कशाला काढू? काढलं की त्यांचे फोन."

साच्याच्या कोपऱ्यात एक समई होती. ती तात्यांनी निवडलेली. साचा पहिल्यांदा आईसाठी केला होता, तेव्हा.

तात्या मागच्या बाजूला पट्ट्या मोजत होते. मी विचारलं, "तात्या, बोर्ड तुम्हीच ठोकलात ना? काही वाटलं नाही?"

"वाटलं की. कोण गेलं म्हणून इचारलं. झाकीर म्हणला लायब्रीतलं कोणतरी." त्यांनी तोंडातला खिळा काढला. "पट्ट्या संपल्या. नव्या आणाव्या लागतील."

त्यांच्या मागं पट्ट्यांचा छातीएवढा ढीग होता. म्हातारपण, मी मनात म्हटलं. मला ते बरंच होतं. ढिगामागं बॅग होती.

तासाभरानं मॅडम आल्या. त्या रडवेल्या असतील असं मला वाटलं होतं, तर त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं.

"दिगंबर, मला सकाळपासून चाळीस फोन आले. महिला बचत गट येतोय. पतसंस्थेचा स्टाफ येतोय. हायस्कूलवाले विचारतायत, विद्यार्थी आणू का."

"मॅडम, मी बोर्ड आत्ता काढतो."

"काढू नकोस!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की मशीनवरचा झाकीर दचकला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सतरा वर्षं मी रिकाम्या खुर्च्यांचे फोटो पाठवतेय रे. कुणासाठी का होईना, येऊ देत एकदा."

तेवढ्यात बापू स्वतःच बुलेटवरून उतरले. पांढरे कपडे घालूनच आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कादंबरी, चित्रकार, साचा.

बापूंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे असा माणूस नव्हताच?"

"नव्हता."

"आता कसं?" ते म्हणाले. "मी सकाळीच स्टेटसला ठेवलंय. 'माझा जिवाभावाचा सहकारी हरपला.' आमदारसाहेबांच्या पीएनं जोडल्याले हात पाठवल्यात. आता नव्हताच म्हणून सांगू?" त्यांनी विचार केला. "कादंबरीत का असंना, मेला तर हाय ना?"

"मी अजून तिथपर्यंत आलो नाही."

"मग शोकांतिका हाय म्हंजे मेलाच असणार. उद्या दहाला भेटू. हार माझ्याकडं."

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या म्हणून लोक संदर्भग्रंथांच्या गठ्ठ्यांवर बसले होते. समोर टेबलावर कोट घातलेला विश्राम, त्याला बापूंचा हार, पुढं उदबत्ती. मला फोटोशेजारी बसवलं होतं. त्यामुळं येणारा प्रत्येक जण फोटोला फुलं वाहायचा आणि माझा हात दाबायचा. "धीर धरा," एक म्हातारा म्हणाला, "आपल्या हातात काय असतंय?" मी धीर धरला.

सगळ्यांत आधी बापू उठले. "विश्रामरावांची आन् माझी भेट फार उशिरा झाली," ते म्हणाले, आणि एवढं खरं बोलल्यावर त्यांना मोकळीक मिळाली. विश्रामराव स्वाभिमानी होते. विश्रामरावांनी कधी कुणाकडं काही मागितलं नाही. "दूध संघ ज्या वेळी अडचणीत होता, त्या वेळी विश्रामरावांनी एका शब्दानं विरोध केला नाही." हे तर कुणालाच खोडता आलं नसतं.

मग बचत गटाच्या आक्का उठल्या. त्यांनी पदर सावरला. "मला काय भाषण येत नाही. पण अशी एकटी राहणारी माणसं दारावर आली तर माघारी धाडू नगा. आमच्या सासूबाईंनी असाच एक चित्रं काढणारा गडी चार दिस जेवू घातलावता. त्योच ह्यो का काय, ठावं नाही. फोटोत कोट हाय, तवा नव्हता." मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

देवकुळे मॅडम दाराशी उभ्या राहून फोटो काढत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. दुःखानं की गर्दीनं, मी विचारलं नाही.

मग मी उठलो. खरं बोलायचं ठरवलं, कारण दुसरं काही तयार नव्हतं.

"माझी आणि विश्राम सबनीसची ओळख अकरा दिवसांची आहे," मी म्हणालो. "पहिल्यांदा तो मला अजिबात आवडला नाही. फार रडतो असं वाटलं. काम करत नाही, उपाशी राहतो आणि सगळ्या जगाचा राग करतो. मला वाटलं, हा जर आमच्या दुकानात आला तर मी त्याला दोन दिवसांत हाकलीन."

लोक माना हलवत होते. कुणाच्याही मयताला हे लागू पडतं हे मला तेव्हा कळलं.

"मग एका ठिकाणी तो चित्र काढतो आणि ते पुसून टाकतो. परत काढतो, परत पुसतो. खोलीत कुणी नाही, बघणारं कुणी नाही, तरी त्याला ते चुकलेलं सहन होत नाही. मला कळेना, हा कुणासाठी एवढं करतोय. अजून कळलेलं नाही. पण तेव्हापासून मला माझ्या मशीनकडे बघवत नाही. तो उपाशी आहे आणि मी जेवतोय, पण भूक मलाच लागलीय असं वाटतं. एवढंच."

मी खाली बसलो. तो हात दाबणारा म्हातारा पुन्हा येऊन हात दाबून गेला.

"आनखी कुणाला बोलायचंय?" बापूंनी विचारलं.

मागून खुर्ची सरकली. तात्या उठले होते.

तात्यांना मी आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलताना बघितलं नव्हतं. आईच्या वेळीसुद्धा ते बोलले नव्हते. फोटोसमोर येऊन ते उभे राहिले. हातात टोपी होती, ती त्यांनी दोनदा घडी घातली.

"मी अक्षरं काढणारा माणूस. मला बोलाय येत नाही," ते म्हणाले. "पर ह्या पोराला मी वळखतो."

बापूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मलाही माहीत नव्हतं.

"ह्याचं काम लई चांगलं होतं. शाळेत असताना आमच्या रंगाच्या डब्याच्या झाकणावर त्यानं एक शेळी काढली. मी म्हणलं, ह्याला आपल्यापेक्षा जास्त कळतंय. पर ह्याच्या बापानं त्याला कधी सांगितलं नाही. बापाला वाटायचं, चांगलं म्हणलं तर जाईल सोडून. म्हणून बाप गप बसला. लई गप बसला. बायको गेली तर आनखी गप बसला."

कुणीतरी पंखा बंद केला. का, कोण जाणे.

"मग पोरगं दिसभर लोकांची तोंडं गोरी करत बसायचं. चार माणसात बसून एकटं बसायचं. बॅग भरून ठेवायचं, पट्ट्यांच्या मागं. परत काढायचं. बापाला दिसत होती बॅग. पुढच्या पट्ट्या संपल्या तरी बाप मागच्याला हात लावायचा नाही. नव्या आणायचा. कारण मागच्या काढल्या असत्या तर बॅग दिसली असती, आन् बॅग दिसली असती तर बोलाय लागलं असतं."

मी विश्रामच्या कोटाकडं बघत होतो. कोटाचं तिसरं बटण झाकीरनं चुकीच्या जागी लावलं होतं.

"आता गेलेल्या माणसाला काय सांगायचं," तात्या म्हणाले. "पर सांगावं वाटतं. जा म्हणावं. ह्या बाजूची काळजी करू नको."

ते खाली बसले. बापूंनी उठून फोटोवरचा हार सारखा केला. मग ते म्हणाले, "दोन मिनटं स्तब्ध उभं राहूया." सगळं वाचनालय उठलं. कधी जन्माला न आलेल्या माणसासाठी एवढी माणसं माना खाली घालून उभी होती, आणि त्यातला एकटा मीच मान वर करून बघत होतो. तात्यांची मान खाली होती. टोपी परत उलगडली होती.

स्तब्धता संपल्यावर बापूंनी दहाव्याचं जाहीर केलं. कुणी थांबवायच्या आत. विश्रामरावांना मागंपुढं कुणी नसल्यामुळं वाचनालय सगळं करेल, मृत्यूची तारीख नक्की नसल्यामुळं बोर्ड लागला तो दिवस धरायचा, नदीवर प्रवचन, सगळ्यांनी यावं. मॅडमनी भिंतीचा आधार घेतला. मग मला त्या मनातल्या मनात पुढच्या महिन्याचा फोटो बघताना दिसल्या.

दुकानात आलो तेव्हा पट्ट्यांचा ढीग बाजूला रचलेला होता आणि बॅग पुढं काढून ठेवलेली. तात्या पोटमाळ्यावरून माझी कोल्हापूरची चित्रं खाली देत होते. झाकीर ती घेत होता आणि दोघं पट्ट्या या विषयावर बोलत होते.

"उघडी नेशील तर खराब हुतील," तात्या मला म्हणाले. "कशात गुंडाळू?"

दुकानात कोरा फ्लेक्स शिल्लक नव्हता. झाकीरनं स्टँडवरचा काढून आणला होता. त्यातच गुंडाळली. तात्यांनी सुतळी आवळून बांधली. बघितलं तर विश्रामचा चेहरा बाहेर आला होता, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि कोपऱ्यात समई. उलटं करून बांधायला वेळ नव्हता. गाडी लागली होती.

"तात्या—"

"बरं," ते म्हणाले. आणि या वेळी ते ऐकून मी गेलो.

गाडीत कंडक्टरनं गठ्ठ्याकडं बघितलं. "कोण हो तुमचे?"

मी थोडा विचार केला. "एका दुकानात होतो," मी म्हणालो.

त्यानं माझ्यासाठी खिडकीची जागा रिकामी करायला लावली. ज्या माणसाला उठवलं त्यानं उलट मला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. मी पुस्तक काढलं. मॅडमना परत करायचं राहून गेलं होतं. साताऱ्याच्या पुढं शेवटची पानं आली. मी विश्राम कसा मरतो हे शोधत होतो. शेवटच्या पानावर त्याच्या दाराशी पाऊल वाजतं. या वेळी पाऊल त्याच्याच दाराशी थांबतं. विश्राम उठतो आणि कडी काढतो. एवढंच. कादंबरी संपते. मलपृष्ठावर मात्र छापलं होतं, एका एकाकी चित्रकाराची शोकांतिका. मलपृष्ठ लिहिणाऱ्यानंही बहुतेक मॅडमसारखंच केलं असावं.

मी तात्यांना फोन लावला.

"तात्या, तो मेला नाही."

"कोण?"

"विश्राम. शेवटपर्यंत वाचलं आत्ता. तो मरतच नाही."

मागं झाकीरचा आवाज येत होता, कुणाच्या तरी वाढदिवसाला वाघ कुठं टाकायचा असं विचारत होता.

"बापूला सांगू नको," तात्या म्हणाले. "त्यानं आचाऱ्याला सांगितलंय."

दहाव्याला मी आलो. यावंच लागलं, सगळ्यात जवळचा मी होतो. सकाळी स्टँडवर उतरलो आणि जागीच थांबलो. जिथं फ्लेक्स होता तिथं पत्र्याचा बोर्ड लागला होता. पांढऱ्यावर निळी अक्षरं, हातानं काढलेली. ओळ सरळ होती, पण एखाद्या अक्षरात हात थोडा थरथरलेला होता, आणि ते पुसून परत काढलेलं होतं. जवळून बघितलं तर खालचं फिकट दिसत होतं. फोटो नव्हता. शोकाकुल नव्हते. 'विश्राम सबनीस, चित्रकार. रविवार, सकाळी आठ, नदीघाट. सर्वांनी यावे.'

बापू आधीच बोर्डखाली उभे होते, पांढऱ्या कपड्यांत, नाराज.

"तुझा बाप म्हातारा झाला रं," ते म्हणाले. "बघ, कैलासवासी लिहायचं राहिलं."

त्या बोर्डाला आता अकरा वर्षं झाली. स्टँडवरनं काढून मॅडमनी तो वाचनालयात लावला. मी गावी गेलो की बघून येतो. नावाआधी एका अक्षराएवढी जागा सोडलेली आहे. मोजून सोडलेली. तिथं काही लिहिलेलं नाही.